खिडकीतला लाल पंचा

माधवीबाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त पुस्तक निघतं आहे आणि त्यात मीही काही सांगावं, असा निरोप विद्यापीठातून आला. एवढ्या प्राध्यापकांच्या पंगतीत माझाही पाट मांडला, हे नवलच. मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे, नात लिहून घेते आहे. चुकलं तर तिचं, बरं वाटलं तर माझं.

बाईंची माझी पहिली ओळख आमच्या अंगणात झाली. श्रीवर्धनच्या अलीकडे आमची सुपारीची वाडी. वर टेकडीवर विद्यापीठाचं केंद्र, मुलांचं वसतिगृह. बाई तिथल्या प्रमुख. घरोघर माहिती विचारत त्या आल्या. "आजी, शिक्षण किती?"

मी म्हटलं, "सुपारी सोलण्यात एमे झालंय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर तसंच लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात विद्यार्थ्यांना घेऊन माझ्या ओटीवर शिकायला बसल्या. पहिल्याच सुपारीला बोट कापून घेतलं. एवढ्या शिकलेल्या बाईंना सुपारी धरता येईना, याचा मला झालेला आनंद आज कबूल करते.

मग करोना आला. खोकला आला तर शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही उशीत तोंड खुपसायचो. विद्यापीठाने वसतिगृह आजाऱ्यांसाठी उघडायचं ठरवलं, तेव्हा रोग विहिरीत उतरेल म्हणून गावाने रस्त्यावर बांबू आडवा टाकला. तो धरून उभ्या राहणाऱ्यांत मीही होते. आता लपवून काय करू? बाई एकट्या खाली चालत आल्या. म्हणाल्या, "भीती मलाही वाटते. म्हणून आजाऱ्यांच्या खालच्या मजल्यावर मीच राहायला जाते. पाणी तुमच्याच विहिरीचं पिईन. मला काही झालं तर रस्ता बंद करा." काही दिवसांनी बांबू गेला. कोणी काढला, ते गाव अजून सांगत नाही. घरी जाऊ न शकलेले विद्यार्थी वर स्वयंपाक करू लागले आणि गावातल्या म्हाताऱ्यांची औषधं दारात ठेवून जाऊ लागले.

पुढे आमच्या ह्यांनाच तिथे न्यावं लागलं. बोललं की धाप लागायची, म्हणून फोनवर बोलणं बंद. रोज सकाळी विद्यापीठाचा निरोप माझ्या फोनवर यायचा. चार ओळी उमटायच्या. त्यात नवरा आहे की गेला, हे मला कळायचं नाही. मुलगा-सून मुंबईत अडकलेली, आणि आमच्या घरातला फोन हातात घ्यायला शेजारी धजेना. तिसऱ्या दिवशी मी वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन बाईंना ओरडून सांगितलं, "मला लिहून काय पाठवता? माणूस दाखवा!"

बाई फाटकापर्यंत आल्या. मग म्हणाल्या, "चूक आमची झाली, आजी. त्यांचं कोणतं कापड तुम्ही लांबून ओळखाल?"

"लाल चौकडीचा पंचा. मीच धुते, दुसरं कोण?"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक आजाऱ्याने आपलं कापड खिडकीत वाळत घालायचं, असं ठरलं. रस्त्यावरून मान वर केली की घरच्यांना कळायचं, माणूस उठलाय.

चार सकाळी पंचा दिसला. पाचव्या सकाळी खिडकी रिकामी.

शेजारची शेवंती लांबूनच म्हणाली, "काकी, धीर धरा हां." मेलीने एका वाक्यात ह्यांना पोचवलंच. माझा हात आपसूक बांगड्यांवर गेला. चढ कसा चढले, आठवत नाही. फाटकाशी बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनाही ठाऊक नव्हतं. आजाऱ्यांकडे जाताना घालायचा तो प्लास्टिकचा डगला त्यांनी घाईत उलटाच चढवला. त्या आत गेल्या. मी गज धरून उभी. देवाचं नावसुद्धा आठवेना.

खिडकी उघडली. ह्यांचं डोकं बाहेर आलं.

"काय गो, रडत्येस कशाला? आभाळ भरून आलाय, दिसत न्हाय? वाळत घातलेला आत घेतला!"

उभा जन्म सुपारी वाळवण्यात गेला. ढग दिसला की हात आपोआप आवरायला धावतात. तेव्हा मी नीट पाहिलं, बाजूच्या दोन खिडक्याही रिकाम्या होत्या. तेही आमच्यासारखेच सुपारीवाले.

बाई खाली येऊन पायरीवर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मुखपट्टीमुळे कळेना. "सुपारीवाल्यांना वाळत घालायला सांगितलं आणि ढगांचं सांगायला विसरले," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून कापड गजाला गाठ मारून बांधायचं ठरलं.

आमचे हे घरी आले. आता ढग आला की मी मुद्दाम विचारते, "पंचा घेतलात का आत?" सगळे मात्र आले नाहीत. दोन गाठी सोडाव्या लागल्या. त्या दोन्ही घरी बाई स्वतः गेल्या, अंगणात उभ्या राहून तोंडाने सांगितलं. फोनवर ओळी पाठवल्या नाहीत.

बाईंचं घर आमच्या परसातून दिसतं. ती भीती अजून गेलेली नाही. सकाळी मी आधी बाईंच्या दोरीवर साडी वाळत पडली का बघते, मग चूल पेटवते. उशीर झाला की चूल सोडून कुंपणाशी जाऊन उभी राहते. बाई, तुम्हाला शंभर वर्षं निरोगी आयुष्य मिळो. आणि आभाळ कितीही भरून आलं तरी एक साडी दोरीवर राहू द्या. भिजली तर भिजली.