मधलं घर

सकाळपासून चिंच निवडत बसले आहे, आणि चिंचेचा तो आंबूस वास नाकात गेला की तंजावूरच्या आमच्या घरातली मे महिन्याची एक दुपार आठवते. धाकटी बहीण अमेरिकेहून आली होती. रोज आईचं औषधपाणी बघणारी मी. माझ्या फिल्टर कॉफीला आई नावं ठेवायची, पण बहिणीच्या हातचं काळं पाणी कौतुकानं प्यायची. त्या दुपारी तंबोला खेळायचा ठरला, तर बहिणीनं तिकडची बिंगोची कार्डं काढली. आपल्या तिकिटावर तीन ओळींत पंधरा आकडे, सगळे पुकारले जायची वाट बघायची. तिकडे पाच बाय पाचची चौकट, आडवी, उभी किंवा तिरपी एक ओळ भरली की जिंकलं, आणि मधलं घर फुकट. "त्यावर आधीच चिंचोका ठेवायचा, अक्का," ती म्हणाली. हिला सगळं फुकटच मिळतं, असं मनात म्हणत मी हट्टानं माझं मधलं घर उघडंच ठेवलं. आई आकडे पुकारू लागली. माझ्या तिरप्या ओळीतले चारही आकडे आले, मधलं घर तेवढं रिकामं. आता ठेवावा का, असा विचार करेपर्यंत बहीण "बिंगो!" ओरडली आणि आईनं टाळ्या वाजवल्या. पसारा आवरताना आईनं माझं कार्ड पाहिलं. "ते घर तुलाही दिलेलं होतं गे," ती हळूच म्हणाली, "तूच चिंचोका ठेवला नाहीस." उद्या बहीण पुन्हा येतेय. आई सकाळपासून तिसऱ्यांदा गाडीची वेळ विचारतेय, आणि मी एक टपोरा चिंचोका आधीच बाजूला काढून ठेवलाय.