हिराचा हंबरडा

हिरा बावीस वर्षं जयगडच्या जेटीवर मासे विकत होती. तोंडाने फटकळ, पण हात सैल. तिच्याकडून वाटा घेतला की चार मांदेल्या जास्तच पडायच्या.

एकदा मुंबईहून गेम बनवणारी माणसं आली. दोनशे वर्षांनंतरचं कोकण, समुद्र चढलेला, माणसं होड्यांत राहतायत, असा खेळ. डोळ्यांवर यंत्र चढवून आत शिरायचं.

"मावशी, तुम्ही त्यात होडीवाली," त्यांच्यातली निशिगंधा म्हणाली आणि कागदावर सही घेतली.

पांढऱ्या ठिपक्यांचा काळा सूट घालून, हालचाली आणि चेहरा टिपणाऱ्या कॅमेऱ्यांपुढे हिराला चालायला, पडायला, हात उगारायला लावलं. मग निशिगंधा म्हणाली, "आता रडा."

हिराला खोटं रडता येईना.

"तुमचे मिस्टर समुद्रातच गेले ना?" निशिगंधाने हळूच विचारलं.

गंगारामची होडी सहा वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी उलटली होती. प्रेतही मिळालं नव्हतं. हिराने हंबरडा फोडला.

"छान," निशिगंधा म्हणाली. "अजून एकदा."

वर्षभराने सून दिशा तिला रत्नागिरीच्या गेम झोनमध्ये घेऊन गेली. हेडसेट चढला आणि चहूकडे पाणी झालं. माडांचे नुसते शेंडे वर. सुकाणू हिराच्या हातात, बंदूक दिशाच्या. लोखंडी मगरी अंगावर आल्या, तशी हिराने ओहोटीची ओढ बघून होडी सफाईने मधून काढली.

"आई, काय चालवता ओ तुम्ही," दिशा म्हणाली. गंगाराम गेल्यापासून हिरा पहिल्यांदाच पाण्यावर हसली.

तेवढ्यात, जिथे पोचायचं होतं त्या गोड्या पाण्याच्या साठ्याच्या दरवाजापुढे जलहडळ वर आली. केस शेवाळाचे, जबडा फाटलेला. कपाळ, नाक, डोळे मात्र हिराचे. तिने तोंड उघडलं आणि गंगारामसाठी फोडलेला हंबरडा बाहेर पडला.

"गो, ही मी आहे," हिरा म्हणाली.

दिशाचा हात थांबला. मागे नंबर लावून उभी असलेली पोरं ओरडायला लागली, "ताई, वेळ संपतोय, उडवा तिला."

"आई, खेळ आहे हा," दिशा म्हणाली, आणि तिने तीन गोळ्या झाडल्या. हंबरडा मध्येच तुटला. दरवाजा उघडला.

हेडसेट काढल्यावर पोरांनी हिराला ओळखलं. फोटो काढले. दिशाही शेजारी उभी राहिली.

हिराने निशिगंधाला फोन लावला. "माझं रडणं काढा त्यातून."

"मावशी, लोकांना तेच तर आवडतं."

जेटीवर पोरं बोटांची बंदूक करून तिच्यावर रोखू लागली. मग ती माशांची पाटी घेऊन मालगुंडला दारोदार जाऊ लागली. तिथे कमळाबाईंच्या ओटीवर तिला रोज चहा मिळायचा. मे महिन्यात त्यांची नात सानवी सुट्टीला आली आणि हिराला बघून किंचाळत आत पळाली.

"पोर रात्रभर झोपली नाय," दुसऱ्या दिवशी कमळाबाई अर्ध्या दारातून म्हणाल्या. "तू आता येव नको गो."

हिरा हल्ली मासळी गोठवण्याच्या कारखान्यात कोळंबी सोलते. तिथे सगळ्यांनाच तोंडावर मास्क लावावा लागतो. डबा खायच्या सुट्टीतसुद्धा ती तो पटकन काढत नाही.