दवातला कापूस

सोनगीरजवळच्या आमच्या गावात कापूस वेचणाऱ्या बायका उजाडायच्या आत शेतात जातात. मजुरी किलोवर, आणि दवातला कापूस जड भरतो. मालकाला हे कळतं, तो रोज कुरकुरतो आणि बायका रोज पहाटेच निघतात. माझी सासू त्यात पटाईत.

त्या हिवाळ्यात मी शेतात जात नव्हते. मुलगी सव्वा वर्षाची होती आणि तिच्या जन्मापासून माझ्यातलं काहीतरी विझलं होतं. पत्र्याच्या एकुलत्या एक खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तिला भरवता भरवता हात मध्येच थांबायचा. तिच्यावर माझी माया आहे हे ठाऊक होतं, जाणवत नव्हतं. नवरा नरडाण्याला कारखान्यात ठेक्यावर. घरी आला की जेवून झोपायचा. सासू म्हणायची, "तुले काय व्हयेल शे? दोन टाईम भाकर मिळस ना?"

मिळत होती, खोटं कशाला बोलू. भाकरच मिळत होती, मुलीलाही.

अंगणवाडीच्या ताईंनी बजावलं होतं, या खेपेला वजन वाढलं नाही तर मुलीला धुळ्याला दवाखान्यात ठेवावं लागेल. दवाखान्यात माझ्या एकटीच्या भरवशावर पोर सोडता येईना, म्हणजे सासूलाही यावं लागणार. ऐन वेचणीत! "आपन धुळाले गऊत तं कापूस कोन येची?" ती म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं. ठेक्याचा पगार वेळेवर येत नसे, चूल तिच्याच मजुरीवर पेटत होती.

मग वजनाच्या सकाळी सासूने नातीचाच दवातला कापूस केला. आंघोळ घालून केस ओलेच ठेवले. चमच्याचमच्याने पोटभर पाणी पाजलं. दोन स्वेटर चढवले आणि पायात स्वतःचे लहानपणचे चांदीचे जाडजूड वाळे घातले. ते टाचेवरून निसटत होते म्हणून चिंधीने बांधले. हसायचं विसरले नसते तर मी हसले असते.

अंगणवाडीत थंडी म्हणून ताईंनी मुलीला कपड्यांसकट काट्याच्या झोळीत टांगलं. काटा हवा तिथे थांबला. "वाढलं की!" ताई म्हणाल्या. सासूचा चेहरा फुलला.

मी मुलीकडे पाहिलं. अशा झोळीत टांगलं की पोरं गाव डोक्यावर घेतात. ही रडत नव्हती. भिंतीकडे बघत होती, अगदी माझ्यासारखी. किती महिन्यांनी काहीतरी जाणवलं, आणि जाणवली ती भीती.

"ताई," मी म्हणाले, "सगळं काढून तोला."

काटा खाली घसरला. परतताना सासू वाटभर माझ्या पुढे तरातरा चालली. पण धुळ्याला आली, वाळे पदरात बांधून.

दवाखान्यात मुलीला रोज दूध, अंडं, औषध मिळे. रोज तोलत. एका सकाळी ती काट्यावर हातपाय झाडत भोकाड पसरून रडली आणि मी आनंदाने तिच्याबरोबर रडले. मला वाटे, डॉक्टरांना आपलंही सांगावं. पण कुठे दुखतं विचारलं तर बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी विचारलंही नाही. मुलगी भरली, आम्हाला घरी सोडलं.

घरी त्याच खोलीत मी त्याच भिंतीकडे तोंड करून आडवी झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूने नातीच्या पायात पुन्हा वाळे घातले. आता चिंधी लागली नाही. तिने समाधानाने ते फिरवून पाहिले, मग कापसाची झोळी माझ्या अंगावर टाकली.

"पोर बरी व्हयनी ना? मंग ऊठ. दव शे अजून."