तिनं मागितलेलं अमकं

तेरवी झाली आणि चौथ्या दिवशी मी चारठाण्याहून निघालो. बायकोची धाकटी बहीण शांता परभणीला राहते. तिला एकच विचारायचं होतं, मरताना बायकोनं मागितलं काय?

‘अमकं’ हा शब्द आमच्या घरात लय चालायचा. ज्याला नाव नाही ते अमकं. दाराखाली सारायचा लाकडाचा तुकडा, नळाच्या तोंडाला बांधायची चिंधी. “ते अमकं द्या,” म्हणली की मी बराबर द्यायचो. शेवटच्या सकाळीही तेच म्हणली, बोट भिंतीकडं. मी चष्मा दिला, चादर दिली, नळाचं पाणी पाजायला गेलो. तिनं तोंड फिरवलं. दुपारी गेली.

जीपनं देवगाव फाट्यावर उतरलो. भजी घेतली, एक खाल्लं, बाकीची कुत्र्याला टाकली. पुढं एसटी. दोन्ही बाजूला वाळलेल्या पऱ्हाट्या (कापूस वेचून उरलेली झाडं), बघण्यासारखं काही नाही. शेजारच्यानं विचारलं, “बाबा, दवाखान्यात का?”

“झालं दवाखान्याचं,” म्हणलं.

परभणीत रिक्षावाल्यानं भलत्याच गल्लीत सोडलं. तासभर उन्हात हिंडलो.

शांतानं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि खालीच बसली.

“दाजी, त्या भिंतीला काय हाय?”

“देव्हारा.”

“मी काशीहून आणलेला गडू तिथंच हाय ना? त्यातलं पानी मागायली व्हती ती. तोंडात गंगा घाला म्हणायली व्हती.”

“मग तसं म्हणायचं की!”

“कसं म्हणल? नवऱ्याचं नाव गंगाराम. लगीन झाल्यापसून तिच्या तोंडून गंगा आयकलं का तुमी? गंगाखेडला जायचं तरी ‘त्या अमक्या गावाला’ म्हणायची. आमी हसायचो. पर बायकोचं तुमी कवा आयकलं!”

खरं होतं. मला वाटायचं, नाव नसलेल्यालाच अमकं म्हणतात. नाव असलेलंही तिनं त्यात घातलं, माझ्यापायी. जाताना जीभ वळत नव्हती, तरी तेवढं पाळलं.

चहा तसाच ठेवून दुपारच्या गाडीनं परत फिरलो. गावाला जाऊन आलं की मन हलकं होतं म्हणतात. माझं काही झालं नाही.

चारठाण्यात उतरलो तर पानटपरीवाला ओरडला, “काय गंगारामबाबा, कुठं गेलते?”

“माझं नाव घेऊ नको,” म्हणलं.

त्याला वाटलं, म्हातारा चिडला.