समुद्राला ठेवलेलं दार

मुंबईला जाईपर्यंत मी समुद्र पाहिलाच नव्हता आणि नोकरी लागली ती नेमकी समुद्राचा अंदाज बांधायची! भोकरदनजवळच्या खेड्यातली पोर मी, गणितात हुशार म्हणून एका संस्थेत चिकटले. सत्तरचं दशक होतं. खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर, त्याला हिशेब भरवायला भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे आणि तो वापरायची आठवड्यातून एकदा आपली पाळी.

एका खाडीत भरतीचं पाणी किती चढेल, त्याबरोबर कोळंबीची पिल्लं कुठवर जातील, हे आधी सांगायचं होतं. माझ्या हिशेबात मात्र पाणी चढतच जायचं. तिसऱ्या दिवशी कागदावरचा कोळीवाडा बुडाला! साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याला देऊ, तुम्ही टायपिंगला बसा. समीकरणं मी शंभरदा तपासली होती, चूक सापडेना. वैतागून दोन दिवस गावी आले.

माय मिरचीला पाणी देत होती. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं दार बंद करायचं, पुढच्याचं फोडायचं. बांधावर बसून मी माझं रडगाणं गायलं. तिनं खोरं काही थांबवलं नाही. खाडी म्हणजे काय, पाणी कुठून येतं, एवढं विचारलं आणि म्हणाली,

"माझा वाफा भरला की मी दार लावते. तुझं पाणी तर रोज येऊन राह्यलं. मंग आलं त्या वाटेनं माघारी जायला दार ठेवलं का न्हाई?"

नव्हतं ठेवलं! आमच्याकडं पाणी म्हणजे अडवायची चीज. ते सोडून द्यायचं माझ्या डोक्यात येणार कुठून? भरती आत घेऊन मी समुद्राच्या बाजूनं चक्क बांध घातला होता.

सोमवारी तीन कार्डं बदलली. पाणी चढलं, आणि अगदी वेळेवर उतरलं. साहेबांनी कागद दोनदा पाहिला आणि काम माझ्याकडंच राहिलं. अहवालाच्या शेवटी आभाराच्या यादीत मी मायचं नाव घातलं. या बाई कोणत्या संस्थेच्या, साहेबांनी विचारलं. मिरचीच्या वावरातल्या, मी ताठ मानेनं सांगितलं.

छापील अहवाल घेऊन गावी गेले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं. तिनं विचारलं, "आता टायपिंगला न्हाई ना बसवत तुला?"

न्हाई, म्हणाले. मंग झालं, म्हणाली. पण अहवाल काही तिनं मला परत दिला नाही.