वरची कोथिंबीर

भाजी आणायला जाऊन तीन अनोळखी गिऱ्हाइकांशी भांडून येणारा माणूस अख्ख्या भोपाळात एकच आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो माझ्या बायकोचा मामा आहे. सरकारी कचेरीत जन्मभर साहेबांपुढे दबून फायली लिहिल्या, त्यामुळे ओरडायची राहून गेलेली हौस मामा दर रविवारी अशोका गार्डनजवळच्या मैदानातल्या हाटात भागवून घेत. आसपासच्या गावांतले शेतकरी पहाटेच्या बसने आपापला माल घेऊन तिथे यायचे, आणि पिशव्या उचलायला जावई म्हणून मी असायचोच.

मामा पिकवणाऱ्याकडूनच भाजी घेत. मंडीतला माल उचलून आणलेला कुणी शेतकऱ्यांच्या ओळीत घुसलेला दिसला की त्याची घोसाळ्यांवरून उलटतपासणी सुरू! "गिलकी की बेल में पहले कौन सा फूल आता है? नर या मादा?" एकदा एकजण वैतागून म्हणाला, "बाबूजी, सब्जी लेनी है कि रिश्ता कराना है?" मी हसलो, तर मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण त्यांचा खरा संताप फुकटच्या कोथिंबिरीवर. कुणी बाई "भैया, थोडा धनिया ऊपर से डाल दो" म्हणाली की मामा तिच्याकडे वळलेच. "बहनजी, धनिया क्या अपने आप उगता है? इन्होंने पानी दिया है, निंदाई की है!" मी टोमॅटो निवडण्याचं सोंग करत दुसरीकडे बघायचो.

ते स्वतः मेथी घेत रामकलीबाईकडून. मेथीवर ती हळूच कोथिंबिरीची जुडी ठेवायची, मामा ती बाहेर काढून पैसे द्यायचे, ती नको म्हणायची. हे युद्ध वर्षानुवर्षं चाललं. मध्येच तिच्या शेतातलं पाणी, तिच्या सुनेचं दुखणं, मामांचं गुडघ्याचं तेल, सगळी चौकशी व्हायची. त्या दोघांना एकमेकांचं घर ठाऊक नव्हतं, पण घरातलं सगळं ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात रामकलीबाई चिखलात पोतं अंथरून बसलेली दिसली आणि मामांचं डोकं फिरलं. घरी येऊन त्यांनी चार पानी निवेदन लिहिलं: छप्पर हवं, ओटे हवेत, पाणी हवं, बायकांसाठी शौचालय हवं. गल्लीभर सह्या गोळा केल्या, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्या मागण्या मंजूर झाल्या! छप्पर आलं, ओटे आले, नळ आले, पण शहराबाहेर, बायपासच्या पलीकडे. तिथे गावाकडची बस थांबत नाही. ओटे मंडीच्या व्यापाऱ्यांनी अडवले आणि इथल्या मैदानात आता मोटारी उभ्या राहतात. डोक्यावर छप्पर द्यायचं आणि समोरचं गिऱ्हाईक काढून घ्यायचं, ही कुठली सुधारणा? मी हे मामांपुढे तावातावाने बोललो. मला वाटलं, ते माझ्या दुप्पट ओरडतील.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "'जागा तीच ठेवावी' एवढं लिहायचं राहिलं माझ्याकडून. जन्मभर अर्ज लिहिले, आणि हेच राहिलं."

त्यानंतर कित्येक रविवार ते घडी केलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसून राहायचे. कुणावर ओरडायचे नाहीत, टीव्हीवरच्या बातम्यांवरसुद्धा नाही. मामी तर घाबरूनच गेली होती.

मग एका रविवारी दारात टोपली घेऊन रामकलीबाई उभी! दारोदार फिरून विकत होती. चिल्लाने वाले बाबूजी कहाँ रहते हैं, असं विचारल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाने याच घराकडे बोट दाखवलं म्हणे. मामांनी मेथी घेतली. तिने सवयीने वर कोथिंबीर ठेवली. मामांचा हात जुडी काढायला पिशवीत गेला.

"रहने दो बाबूजी," ती म्हणाली. "अब तो ऊपर से माँगने वाला भी कोई नहीं रहा।"

मामांचा हात रिकामाच बाहेर आला. उन्हात टोपली सावरत ती पुढच्या गल्लीत वळेपर्यंत ते दारात उभे होते. मी मागे उभा राहून त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते ओरडायला हवे होते.