ट्रफल वळताना उचललेला हात

मैत्रिणींनो, आज घडलेलं आजच लिहिते.

आज दुपारी तळोद्यात माझ्या घरी शेजारची सुनंदा आणि मी चॉकलेट ट्रफल वळत होतो. वरच्या थरासाठी उकळत्या पाण्यावर चॉकलेट वितळत होतं.

तिचा नवरा आत शिरला. "घरनं काम सोडीसन आठे काय करी ऱ्हायनी तू?" म्हणत, ती इथे माझ्याकडे आली म्हणून चिडून त्याने तिला थोबाडीत मारली आणि ते उकळतं पाणी तिच्या अंगावर फेकलं. तिचा दंड भाजला.

त्याने पुन्हा हात उचलला, तेव्हा मी बदाम कुटायच्या बत्त्याने त्याच्या मनगटावर जोरात मारलं. तो विव्हळत पळाला.

दवाखान्यातून आल्यावर सुनंदा एवढंच म्हणाली, "माले घर जानं नही."

ती आत झोपली आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला मारलं आणि मला जराही वाईट वाटत नाही. तुम्हाला वाटलं असतं का?